तख्ती : कारकीर्द आणि लोकमान्यता

गुलामरझा तख्ती हा इराणचा मुक्त शैलीतला मल्ल. २७ ऑगस्ट १९३० रोजी तेहरानच्या दक्षिण भागात, खानियाबाद या वस्तीत तो जन्मला आणि ७ जानेवारी १९६८ रोजी त्याच शहरातल्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. चार ऑलिंपिकमध्ये तो लढला. त्यांपैकी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले, १९५२ च्या हेलसिंकीत आणि १९६० च्या रोममध्ये रौप्य. विश्व अजिंक्यपद स्पर्धांमध्ये त्याने दोन सुवर्ण आणि दोन रौप्यपदके मिळवली. म्हणजे तीन सुवर्ण आणि चार रौप्य, एवढा त्याचा जागतिक पातळीवरचा हिशेब.

हा हिशेब मोठा आहे, पण इराणमध्ये त्याहून मोठे हिशेब आहेत. तख्तीच्या पाठोपाठच्या पिढीतल्या अब्दुल्ला मोवाहेदने पाच विश्वविजेतेपदे आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवले. नुसती पदके मोजली तर मोवाहेद कितीतरी पुढे. तरीही ‘जहान-पहलवान’ हे ‘शाहनामा’ या इराणी महाकाव्यातल्या रुस्तमाचे बिरुद इराणी माणूस ज्या एका खेळाडूच्या नावामागे लावतो, तो तख्तीच. त्याच्या पदकांचा चढउतार आणि त्याच्या लोकप्रियतेचा चढउतार एकमेकांशी जुळत नाहीत, ही या कारकिर्दीतली खरी अभ्यासाची गोष्ट. पदके आटत गेली त्या वर्षांत त्याच्याभोवतीची गर्दी वाढत गेली. त्यामुळे ही कारकीर्द आखाड्यातली आणि आखाड्याबाहेरची अशी दोन्ही अंगांनी पाहावी लागते.

खानियाबाद ही कष्टकऱ्यांची, लहान व्यापाऱ्यांची वस्ती होती. तख्तीचे वडील रजब यांचा बर्फाचा धंदा होता. हिवाळ्यात साठवलेला नैसर्गिक बर्फ उन्हाळ्यात विकायचा, असा तो जुन्या तेहरानातला व्यवसाय. पुढे धंदा बुडाला आणि कुटुंब कर्जात गेले. सावकारांनी घरातले सामान गल्लीत आणून टाकले, ही आठवण तख्ती स्वतः सांगत असे. शिक्षण अर्धवट सोडून तो कामाला लागला. काही काळ दक्षिणेकडच्या मस्जिद सुलेमान येथे, तेल कंपनीत, त्याने मजुरी केली. इराणात तेल पहिल्यांदा लागले ते १९०८ मध्ये याच मस्जिद सुलेमानला, आणि ते इंग्रजांच्या कंपनीने काढले. इराणी तेलाच्या पैशात इराणी मजुराचा वाटा किती, हे त्या तरुणाने तिथे डोळ्यांनी पाहिले असणार. त्याच्या पुढच्या राजकीय निष्ठांचे मूळ शोधताना चरित्रकार या मजुरीपाशी थांबतात आणि ते वाजवी आहे.

तेहरानच्या दक्षिण भागात कुस्तीला दोन घरे होती. एक जुने आणि एक नवे. जुने म्हणजे झूरखाना. जमिनीच्या पातळीखाली खोदलेला अष्टकोनी हौद, वर उंच बैठकीवर बसून ढोल आणि घंटेच्या तालावर काव्य म्हणणारा ‘मुर्शिद’, आणि खाली जोर काढणारे, मुद्गल फिरवणारे, गरगर घुमणारे पैलवान. कोल्हापूरच्या जुन्या तालमीत वाढलेल्या माणसाला इथे नव्याने समजावून घ्यावे लागेल असे फार थोडे आहे. हौद्यात उतरताना मातीला हात लावून नमस्कार करण्याची रीतसुद्धा ओळखीची वाटेल. झूरखान्यात मात्र व्यायामाइतकेच नीतीला महत्त्व. थोरल्याचा मान, दुबळ्याला आधार, जिंकल्यावर नम्रता, या सगळ्याला मिळून तिथे ‘जवानमर्दी’ म्हणतात. या आचाराचा आदर्श म्हणून पूर्या-ए-वली या मध्ययुगीन पहलवान-संताची गोष्ट सांगतात. प्रतिस्पर्ध्याची आई आपल्या मुलाच्या विजयासाठी प्रार्थना करताना त्याने ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तो जाणूनबुजून चीत झाला. काही पाठांत तो प्रतिस्पर्धी हिंदुस्थानचा आहे. ज्या संस्कृतीचा सर्वांत आदरणीय पैलवान ठरवून हरलेला आहे, तिथे रौप्यपदकाकडे पाहण्याची नजर वेगळी असणे स्वाभाविक आहे. तख्तीच्या लोकप्रियतेचे निम्मे स्पष्टीकरण या एका कथेत मिळते.

नवे घर म्हणजे गादीवरची, ऑलिंपिकच्या नियमांची कुस्ती शिकवणारे क्लब. दक्षिण तेहरानमधल्या ‘पूलाद’ क्लबात तख्ती हे शिकला. तिथे सुरुवातीला त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. अंगाने तो मोठा, पण डाव उशिरा उमलले. सक्तीच्या लष्करी सेवेत सराव चालू राहिला आणि विशीच्या उंबरठ्यावर तो राष्ट्रीय पातळीवर दिसू लागला. पुढे सरकारी रेल्वेत त्याला नोकरी मिळाली. त्या काळी इराणी मल्लाला कुस्तीतून पैसा असा मिळत नसे. नोकरी, थोडी भत्त्याची रक्कम आणि परदेशवारी, एवढीच मिळकत.

मुक्त शैलीची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा १९५१ मध्ये हेलसिंकीत भरली. तख्तीने ७९ किलो गटात रौप्य मिळवले, सुवर्ण तुर्कस्तानच्या हैदर जफरकडे गेले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ऑलिंपिक झाले. त्या वेळी सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता आणि त्याचा जॉर्जियन मल्ल दावित त्सिमाकुरिद्झे याने तख्तीला पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. या हेलसिंकीशी मराठी माणसाचे नाते निराळ्या कारणाने आहे. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली, पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. एकाच स्पर्धेतून दोन मल्ल आपापल्या देशी परतले. एकाचे पदक देशाने जवळजवळ विसरून टाकले आणि दुसऱ्याच्या पदकाभोवती पुढच्या पंधरा वर्षांत एक दंतकथा उभी राहिली. हा फरक पदकांच्या रंगाने उलगडत नाही. दोन देशांच्या तेव्हाच्या राजकारणात आणि लोकांच्या मनात कुस्तीची जागा वेगवेगळी होती, म्हणून तो पडला.

इराणच्या बाबतीत त्या जागेला १९५३ मध्ये एकदम धार आली. तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांना १९ ऑगस्ट १९५३ रोजी उठाव घडवून पदच्युत करण्यात आले. त्यामागे ब्रिटन आणि अमेरिका यांच्या गुप्तचर यंत्रणा होत्या. राजाची, म्हणजे शाहची, सत्ता पक्की झाली, मोसादेक यांना आधी तुरुंग आणि नंतर अहमदाबाद या त्यांच्या गावी मरेपर्यंत नजरकैद मिळाली, त्यांची ‘राष्ट्रीय आघाडी’ मोडून काढली गेली. १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस संघटना स्थापन झाली. सभा नाहीत, मोकळी वृत्तपत्रे नाहीत, निवडणूक नावापुरती. लोकांना एकत्र जमून मोठ्याने ओरडण्याची मुभा ज्या थोड्या ठिकाणी उरली, त्यांत कुस्तीचा मंडप होता. तख्ती मोसादेक यांना मानणारा होता आणि ते तो लपवत नसे.

मेलबर्नमध्ये, डिसेंबर १९५६ मध्ये, इराणला ऑलिंपिकमधली पहिली सुवर्णपदके मिळाली आणि ती एकदम दोन होती. ६७ किलो गटात माझंदरानचा इमामअली हबीबी आणि ८७ किलो गटात तख्ती. तख्तीच्या गटात सोव्हिएत संघाचा बोरिस कुलायेव दुसरा आणि अमेरिकेचा पीटर ब्लेअर तिसरा आला. हेलसिंकीपेक्षा आठ किलो वरच्या गटात जाऊन हे यश मिळाले होते. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतले. त्याच सुमारास इराणी पारंपरिक कुस्तीतले ‘पहलवान’ हे राष्ट्रीय बिरुद आणि त्याचा दंडात बांधायचा बाजूबंद त्याने तीनदा मिळवला. हा बाजूबंद ऑलिंपिकच्या पदकापेक्षा त्याच्या कीर्तीला अधिक उपयोगी पडला असे म्हणायला जागा आहे. गादीवरचा विजेता हा खेळाडू असतो. झूरखान्याच्या परंपरेने दंडाला बांधलेला बाजूबंद मिरवणारा माणूस मात्र ‘शाहनामा’च्या वंशावळीत जाऊन बसतो. तख्तीपाशी दोन्ही होते. रेडिओ आणि नव्याने निघालेली क्रीडा साप्ताहिके त्याचे नाव शहराबाहेर नेत होती, आणि चहाखान्यात ‘शाहनामा’ सांगणाऱ्यांच्या श्रोत्यांना त्याची गोष्ट आधीच माहीत असल्यासारखी वाटत होती.

१९५९ मध्ये विश्व अजिंक्यपद स्पर्धा खुद्द तेहरानला झाली. तख्ती आणि हबीबी दोघांनीही घरच्या लोकांसमोर सुवर्ण जिंकले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कुस्त्या मॅक्झेन्टियसच्या प्राचीन बॅसिलिकेच्या उघड्या कमानींखाली खेळवल्या गेल्या. तख्ती तिथे गतविजेता म्हणून उतरला आणि तुर्कस्तानच्या इस्मत आतलीकडून गुणांवर हरला. त्याला रौप्यावर समाधान मानावे लागले. पुढच्या वर्षी योकोहामाला त्याने दुसऱ्यांदा विश्वविजेतेपद मिळवले. इराणी संघाने त्या वर्षी सांघिक विजेतेपदही घेतले. याच स्पर्धेत भारताच्या उदयचंदने कांस्य जिंकून विश्व स्पर्धेतले देशाचे कुस्तीतले पहिले पदक आणले. तख्तीच्या कारकिर्दीचा माथा हाच. यानंतर त्याला जागतिक सुवर्ण मिळाले नाही.

१९६२ ची स्पर्धा अमेरिकेतल्या टोलिडो शहरात होती. वजनगटांची तेव्हा नवी आखणी झाली होती आणि तख्ती ९७ किलोत गेला. इथे त्या काळच्या नियमांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय टोलिडोचा निकाल कळत नाही. आजच्यासारखी बाद फेरी तेव्हा नव्हती. मल्लाला प्रत्येक कुस्तीतून दंडगुण मिळत. चितपट करून जिंकणाऱ्याला शून्य, गुणांवर जिंकणाऱ्याला थोडे, बरोबरीत सोडवणाऱ्याला त्याहून जास्त आणि हरणाऱ्याला सर्वांत जास्त. दंडगुणांची ठरावीक मर्यादा गाठली की मल्ल बाहेर. शेवटी उरलेल्यांत हिशेब समान निघाला तर काट्यावर ज्याचे वजन कमी भरेल तो वर. टोलिडोत तख्तीची गाठ पडली ती बेलारूसच्या अलेक्सांद्र मेदवेदशी. पुढे ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णे जिंकणारा हा मल्ल तेव्हा पंचविशीत होता आणि तख्तीने तिशी ओलांडली होती. कुस्ती निकाली झाली नाही. सुवर्ण मेदवेदला गेले, आणि ते हलक्या वजनाच्या निकषावर गेले असे इराणी वृत्तांत सांगतात. न हरता दुसरा आलेला तख्ती त्याच्या चाहत्यांना आणखीच प्रिय झाला.

मेदवेदच्या संदर्भातच तख्तीबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते. मेदवेदचा एक पाय दुखावलेला आहे हे कळल्यावर तख्तीने संपूर्ण कुस्तीत त्या पायाला हात लावला नाही, पट काढायची संधी आली तरी दुसऱ्याच बाजूने गेला. गोष्ट सुंदर आहे, पण सांगणाऱ्यागणिक तिचे गाव बदलते. कुणी ती मॉस्कोत घडवतो, कुणी टोलिडोत, कधी उजवा पाय, कधी गुडघा. तीत तथ्याचा अंश असू शकतो. पण तिची घडण पूर्या-ए-वलीच्या कथेशी इतकी मिळतीजुळती आहे की तख्तीच्या स्वभावाइतकीच ती ऐकणाऱ्यांच्या अपेक्षेचीही साक्ष ठरते. लोकांनी आपल्या जुन्या संताची गोष्ट नव्या मल्लाला नेसवली. अर्थात ज्याला ती शोभणार नाही त्याला कुणी ती नेसवत नाही, हेही खरे.

१९६२ मध्येच, १ सप्टेंबरला, तेहरानच्या पश्चिमेला, कझवीन प्रांतातल्या बुईन झहरा भागात मोठा भूकंप झाला. बारा हजारांहून अधिक माणसे मेली, गावेच्या गावे सपाट झाली. तख्ती मदत गोळा करायला तेहरानच्या रस्त्यावर पायी उतरला. आवाहनाचे मोठे फलक नव्हते की सरकारी मांडव नव्हता. एक धिप्पाड माणूस चालत येतो आहे आणि दुकानदार, बायका, हमाल घरातले पैसे, घोंगड्या, कपडे आणून देत आहेत, असे ते दृश्य वर्तमानपत्रांतून देशभर गेले. जमलेले सामान ट्रकांतून भूकंपग्रस्त भागात पोचवले गेले. ऑलिंपिक सुवर्णाने जे झाले नव्हते ते या फेरीने झाले. त्याआधी तख्ती हा कुस्तीच्या शौकिनांचा लाडका होता, त्यानंतर कुस्तीतले काही न कळणाऱ्यांचाही झाला. सत्तेच्या नजरेतून पाहिले तर यातली अडचणीची बाब उघड होती. सरकारी मदतयंत्रणेवर लोकांचा जेवढा विश्वास नव्हता तेवढा एका रेल्वे नोकरदाराच्या झोळीवर होता.

अडचण आणखी वाढली ती त्या वर्षाच्या अखेरीस. १९६० मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आघाडीचे अधिवेशन भरले आणि तिच्या मध्यवर्ती समितीवर तख्तीची निवड झाली. जानेवारी १९६३ मध्ये शाहने ‘श्वेत क्रांती’च्या सुधारणांसाठी सार्वमत घेतले. त्याच्या तोंडावर आघाडीचे बहुतेक नेते तुरुंगात गेले. तख्ती तुरुंगात गेला नाही. पण त्याच्या नोकरीतल्या मिळकतीला कात्री लागली, सराव आणि क्रीडागृहातला वावर यांत अडथळे आणले गेले, पाळत राहिली, असे त्याचे सहकारी पुढे सांगत आले. प्रेक्षक म्हणून तो एखाद्या स्पर्धेला आला की लोक उठून उभे राहत आणि टाळ्या थांबत नसत. एकदा ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष असलेल्या शाहच्या भावाच्या आगमनापेक्षा तख्तीच्या आगमनाला जास्त टाळ्या पडल्या, ही आठवण तेहरानमध्ये वारंवार सांगितली जाते. अशा आठवणी तंतोतंत खऱ्या असोत वा नसोत, त्या सांगितल्या जात होत्या, कुजबुजत का होईना, हेच त्या काळात पुरेसे राजकीय होते.

या ठिकाणी त्याच्या दोन समकालीनांकडे पाहणे उपयोगी आहे. मोहम्मद अली फर्दीन हा १९५४ च्या टोकियो विश्व स्पर्धेतला रौप्यविजेता मल्ल. तो चित्रपटात गेला आणि साठच्या दशकातला इराणचा सर्वांत लोकप्रिय नट झाला. मेलबर्नचा दुसरा सुवर्णविजेता हबीबी शाहच्या काळातल्या मजलिसमध्ये खासदार झाला आणि त्यानेही चित्रपटात काम केले. म्हणजे प्रसिद्धीचे पैशात किंवा पदात रूपांतर करायचे दोन्ही रस्ते इराणी मल्लासाठी खुले होते आणि त्यावरून चालणे काही लाजिरवाणे नव्हते. तख्तीलाही चित्रपटाची आणि जाहिरातींची बोलावणी आली होती आणि ती त्याने नाकारली, असे त्याच्याबद्दल सांगतात. नकाराचे कारण त्याने कुठे सविस्तर लिहून ठेवलेले नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. फर्दीनला लोक पडद्यावर पाहत होते, हबीबीला सत्तेच्या बाकांवर. तख्ती रस्त्यावर, खानियाबादच्या ओळखीच्या दुकानांत, झूरखान्यात आणि प्रेक्षकांच्या रांगेत दिसत राहिला. त्याची कीर्ती विकली गेली नाही म्हणून ती लोकांना आपल्या मालकीची वाटत राहिली.

कुस्तीत मात्र वय कुणाला सोडत नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तख्ती चौतीस वर्षांचा होता. हे त्याचे चौथे ऑलिंपिक, आणि तिसऱ्या वजनगटात. मेदवेद पहिला, तुर्कस्तानचा अहमत आयिक दुसरा, बल्गेरियाचा सईद मुस्तफोव्ह तिसरा आणि तख्ती चौथा. (कोल्हापूरचे गणपतराव आंदळकर भारतातर्फे याच ऑलिंपिकमध्ये लढले.) चौथा येऊन तो परतला तेव्हा तेहरानमध्ये त्याच्या स्वागतात काही कमी पडले नाही. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, विश्व स्पर्धा पुन्हा टोलिडोत होती आणि छत्तिशीच्या तख्तीला संघात घेण्यात आले. तो लवकर बाद झाला. त्याला हरायलाच पाठवले, लोकांच्या नजरेतून उतरवायला पाठवले, असा आरोप त्याचे चाहते आजही करतात. निवड समितीच्या मनात काय होते हे सिद्ध करणे अवघड आहे. साधे स्पष्टीकरण असे की तो जाऊ इच्छित होता आणि त्याला थांबवण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. मोठ्या मल्लांच्या बाबतीत हे जगात सगळीकडे घडते. हेतू काहीही असला तरी लोकांच्या नजरेतून तो उतरला नाही.

१९६६ मध्ये त्याचे लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगा झाला. मुलगा चार महिन्यांचा असताना, ७ जानेवारी १९६८ रोजी, तेहरानच्या अटलांटिक हॉटेलातल्या खोलीत तख्तीचा मृतदेह मिळाला. आत्महत्या, असा अधिकृत निष्कर्ष वर्तमानपत्रांनी छापला. संसारातल्या बेबनावाचे कारण पुढे करण्यात आले. तेहरानमध्ये त्यावर विश्वास ठेवणारी माणसे थोडी होती. सावाकने त्याला मारले, असे लोक म्हणू लागले आणि अंत्ययात्रेच्या गर्दीतूनच ते बोलणे शहरभर पसरले. तेहरानच्या दक्षिणेला, रेय येथील इब्न बाबवेह या दफनभूमीत त्याला पुरले. चाळिसाव्या दिवशीही लोक मोठ्या संख्येने जमले.

मृत्यू कसा झाला याचा निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूने पुढे आलेला नाही. जवळच्या काही लोकांनी आत्महत्येची शक्यता मान्य केली आहे आणि हत्येचे कागदोपत्री प्रमाण १९७९ नंतरही, शाहच्या यंत्रणेचे दप्तर उघडे पडल्यावरही, मिळालेले नाही. पण लोकांनी हत्येचीच गोष्ट का स्वीकारली, याचे उत्तर त्या दोन वर्षांच्या घटनाक्रमात आहे. मार्च १९६७ मध्ये मोसादेक नजरकैदेत वारले. जानेवारी १९६८ मध्ये तख्ती. त्याच वर्षी ‘छोटा काळा मासा’ या मुलांसाठीच्या प्रसिद्ध कथेचा लेखक समद बहरंगी अरास नदीत बुडून मरण पावला आणि त्याबद्दलही सावाकचे नाव घेतले गेले. तेव्हाचा वजनदार लेखक जलाल आल-ए-अहमद याने समदवर लिहिताना लोकांच्या या दंतकथा घडवण्याच्या गरजेचाच विचार केला आणि तिथे तख्तीचीही आठवण काढली. ज्यांना बोलता येत नाही ते आपल्या मृतांकडून बोलवून घेतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. गंमत अशी की सप्टेंबर १९६९ मध्ये तो स्वतः कास्पियन किनाऱ्याजवळ अचानक वारला. लगेच त्याचाही खून झाल्याची वदंता उठली, आणि त्याची पत्नी, कादंबरीकार सिमीन दानेश्वर, हिने ती नाकारूनही ती टिकली. या मालिकेत ठेवून पाहिले की तख्तीच्या मृत्यूबद्दलचा समज भाबडा वाटत नाही. ज्या राजवटीत अधिकृत निवेदनावर विश्वास ठेवण्याचे काही कारण उरलेले नसते, तिथे संशय हाच लोकांचा निकाल असतो.

१९७९ च्या क्रांतीनंतर नव्या सत्तेने तख्तीला लगेच आपलेसे केले. पूर्व तेहरानमधल्या ज्या क्रीडागाराला शाहच्या राणीचे, फराहचे नाव होते, त्याला तख्तीचे नाव मिळाले. गावोगावच्या क्रीडागृहांना आणि रस्त्यांना ते मिळत गेले. तख्ती चषक ही आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धा प्रतिष्ठेची झाली. शालेय पुस्तकांत आणि भाषणांत तो शाहविरोधी, धर्मनिष्ठ, गरिबांचा कैवारी मल्ल म्हणून येऊ लागला. यातले एकेक विशेषण खोटे नाही. तो श्रद्धाळू होता आणि शाहचा विरोधकही. मात्र ज्या राष्ट्रीय आघाडीच्या समितीवर तो होता, तिला जून १९८१ मध्ये आयातुल्ला खोमेनी यांनी धर्मभ्रष्ट ठरवले आणि तिचे काम संपवले. नायक ठेवला, त्याचा पक्ष टाकून दिला. त्यामुळे त्याच्या स्मृतिदिनाला इब्न बाबवेहच्या कबरीपाशी दोन प्रकारची माणसे येत राहिली. सरकारी क्रीडा अधिकारी आणि कुस्ती महासंघाचे पदाधिकारी एकीकडे, मोसादेक यांना मानणारी जुनी मंडळी दुसरीकडे. झूरखान्याचे मुर्शिद, निवृत्त पैलवान आणि नुसतेच चाहते हे या दोहोंच्या मधले, संख्येने सर्वांत जास्त.

चित्रपटाला तख्तीने जिवंतपणी नकार दिला, पण मृत्यूनंतर चित्रपटाने त्याला सोडले नाही. दिग्दर्शक अली हातमी याने त्याच्यावर चित्रपट हाती घेतला आणि १९९६ मध्ये काम अर्धे असतानाच हातमी वारला. बेहरूझ अफखमीने तो वेगळ्या पद्धतीने पुरा केला. १९९७ च्या या चित्रपटात तख्तीच्या मृत्यूचा शोध आणि हातमीच्या अपुऱ्या कामाचा शोध एकमेकांत गुंतवले आहेत. खून की आत्महत्या, या प्रश्नावर तो ठाम उत्तर देत नाही आणि त्याचे तेच बळ आहे. २०१९ मध्ये बहराम तवक्कोलीचा ‘गुलामरझा तख्ती’ हा चरित्रपट आला. कृष्णधवल रंगातला हा चित्रपट खानियाबादच्या बालपणापासून अटलांटिक हॉटेलपर्यंत जातो. तो लागला तेव्हा तख्तीला जाऊन एकावन्न वर्षे झाली होती, आणि त्याच्या कुस्त्या प्रत्यक्ष पाहिलेला प्रेक्षक तेहरानच्या चित्रपटगृहांत क्वचितच उरला होता.